प्रोटीनचा आकार संगणक सांगतो, मग प्रयोगशाळेत काय उरलं?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे, थोडक्यात देते: "मॅडम, मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अल्फाफोल्डला, म्हणजे प्रोटीनचा आकार सांगणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, मिळालं तेव्हापासून मला या विषयाचा ध्यास लागला आहे. पण आमचे सर म्हणतात, प्रोटीनच्या घडीचा प्रश्न आता सुटला, तिकडे जाऊन करणार काय? घरचे म्हणतात, हिंजवडीत नोकरी धर. दहावीनंतर मी बायोलॉजी सोडलं. मला उशीर झाला आहे का? आणि खरंच काही काम उरलं आहे का?"

उशीर अजिबात झालेला नाही. काम किती उरलं आहे हे सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल. 'प्रश्न सुटला' हे निम्मं खरं आहे, आणि राहिलेल्या निम्म्यात तुझी पुढची तीस वर्षं सहज जातील.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रोटीनचे स्फटिक वाढवते आणि क्ष-किरणांनी त्यांची रचना काढते. चोवीस वर्षं हेच काम चाललं आहे. गेली चार-पाच वर्षं अल्फाफोल्ड आमच्याकडे पिपेटइतकं रोजच्या वापरातलं झालं आहे. त्याने मला काय दिलं तेही मला माहीत आहे, आणि कुठे फसवलं तेही.

आधी मूळ प्रश्न. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ओवलेली माळ. पेशीत ही माळ तयार होता होता स्वतःभोवती वळत जाते आणि एका ठरावीक आकारात बसते. तिने काय काम करायचं ते त्या आकारावर ठरतं. ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सेन यांनी दाखवलं की आकाराची माहिती मण्यांच्या क्रमातच असते. त्यांनी एक प्रोटीन पूर्ण उलगडून टाकलं, योग्य परिस्थितीत परत ठेवलं, तर ते आपोआप मूळ आकारात आलं. १९७२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. मग क्रम हातात असताना आकार गणिताने का काढता येऊ नये? सायरस लेव्हिंथल यांनी १९६९ मध्ये अडचण नेमकी मांडली. शंभर मण्यांच्या माळेला इतके आकार शक्य आहेत की एकेक करून तपासायचे म्हटले तर विश्वाचं वय अपुरं पडेल. पेशीतली कितीतरी प्रोटीनं हे काम सेकंदाच्या आत उरकतात.

१९९४ पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची चाचणी होते. प्रयोगाने नुकत्याच काढलेल्या, पण अजून जाहीर न केलेल्या रचना घेतात आणि स्पर्धकांना फक्त क्रम देतात. २०२० च्या फेरीत अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीचा मध्यक गुण शंभरापैकी ९२.४ आला. एवढे गुण म्हणजे प्रयोगातल्या चुकीच्या जवळपास जाणं. ३० नोव्हेंबरला ती बातमी आली तेव्हा कोविडमुळे आमच्या ग्रुपची बैठक ऑनलाइन होती. ठरलेला विषय बाजूला पडला आणि दोन तास आम्ही फक्त गुणांच्या त्या एका आलेखावर बोलत होतो.

हे जमलं कसं, ते तुला पुण्यातल्याच एका उदाहरणाने सांगते. लॉ कॉलेज रस्त्याला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ मध्ये काम हाती घेतलं, १९६६ मध्ये पुरं झालं, आणि त्यासाठी बाराशेहून जास्त हस्तलिखितं धुंडाळली गेली. पाठ ताडून बघायला तिथे चौकटी आखलेले तक्ते असत. वरच्या ओळीत श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखिताची एक ओळ, त्यात जिथे पाठ वेगळा असेल तिथली अक्षरं. उभ्या रकान्यावरून नजर फिरवली की सगळ्या पोथ्या कुठे एकमताने बोलतात आणि कुठे फाटे फुटतात ते लगेच दिसतं.

आता श्लोकाच्या जागी हिमोग्लोबिनचा क्रम ठेव, आणि पोथ्यांच्या जागी माणूस, उंदीर, कोंबडी, बेडूक, मासा. एकच प्रोटीन, हजारो प्रजातींमधून उतरवून घेतलेलं. आम्ही याला अलाइनमेंट म्हणतो. भांडारकरच्या संपादकांना जुन्यात जुना पाठ हवा होता. आम्ही त्याच तक्त्यात वेगळं काही शोधतो: एकमेकांपासून लांबचे दोन रकाने जोडीने बदलतात का? समज, चाळिसाव्या रकान्यात लहान मणी जाऊन मोठा आला की एकशेदहाव्यात मोठा जाऊन लहान येतो, आणि हे शेकडो प्रजातींत दिसतं. तर माळेत लांब असलेले हे दोन मणी घडी पडल्यावर एकमेकांना खेटून बसत असणार. एकाने जागा जास्त घेतली तर दुसऱ्याला अंग चोरावं लागतं. ही कल्पना अल्फाफोल्डच्या आधीपासून होती. अल्फाफोल्डने तिच्यावर अटेन्शनची, म्हणजे कोणत्या जागेने कोणत्या जागेकडे किती लक्ष द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा बसवली, जी तुला भाषेच्या मॉडेल्समधून ओळखीची असेल, आणि तिला आकार ओळखायला शिकवलं.

शिकवलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेतल्या सुमारे १,७०,००० रचनांवर. या बँकेची सुरुवात १९७१ मध्ये सात रचनांनी झाली. पुढची पन्नास वर्षं जगभरातल्या लोकांनी स्फटिक वाढवले, क्ष-किरणांसमोर धरले, आकडे सोडवले आणि उत्तरं सगळ्यांसाठी खुली ठेवली. ती खुली नसती तर शिकवायला काही नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की त्या नोबेलचा मोठा वाटा या साठ्याचा आहे. आणि त्या साठ्यातली प्रत्येक रचना आत जाण्याआधी एका भारतीय आलेखातून जाते. मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये माळेच्या दोन कोनांचा नकाशा मांडला: कोणते कोन शक्य आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील. रामचंद्रन प्लॉट शिकल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकू नकोस. तू कोडमध्ये जे युनिट टेस्ट लिहितेस, त्याच्या जागी आमच्याकडे तो आहे.

आता माझ्या बाकावरची गोष्ट. २०१५ मध्ये आम्ही एका जिवाणूच्या एन्झाइमवर काम करत होतो. स्फटिक वाढवण्याची पद्धत अशी: काचेच्या छोट्या गोल चकतीवर एक मायक्रोलिटर प्रोटीन, त्यातच एक मायक्रोलिटर द्रावण, चकती उलटी करून चोवीस खळग्यांच्या प्लेटवर ठेवायची, कडेला ग्रीस लावून हवाबंद. थेंब उलटा लटकत राहतो, त्यातलं पाणी हळूहळू खाली जातं, प्रोटीन दाट होत जातं. आणि मग वाट बघायची. तीन दिवस, तीन आठवडे, काही वेळा तीन महिने. एप्रिलमध्ये खोलीचं तापमान दोन अंशांनी वर गेलं तरी रात्रीत सगळं विरघळून जातं. स्फटिक दिसला तरी लगेच हुरळून जायचं नसतं, कारण निम्म्या वेळा ते द्रावणातलं मीठ निघतं. सुईने हळूच दाबायचं. मीठ असेल तर टणक लागतं, तुटताना कट् आवाज येतो. प्रोटीनचा स्फटिक खरवसासारखा तुटतो, कारण त्यात साधारण निम्मं पाणी असतं. तो मऊपणा सुईच्या टोकाला जाणवला की चेहरा आपोआप फुलतो. आजही माझा फुलतो.

आमचे स्फटिक चांगले निघाले, क्ष-किरणांचा डेटा चांगला मिळाला, आणि तिथेच गाडी अडली. डिटेक्टरवर लाटांची तीव्रता कळते, त्यांची कला, म्हणजे कोणती लाट कोणाच्या किती पुढेमागे आहे, ते कळत नाही. त्याशिवाय रचना बांधता येत नाही. यातून सुटायची एक वाट म्हणजे आधीच माहीत असलेली सारखी रचना घेऊन तिच्या आधाराने सुरुवात करणं. आमच्या एन्झाइमसारखं काही बँकेत नव्हतं. जड धातू घालून पाहिले, सेलेनियम घालून पाहिलं. दोन वर्षं गेली. काम करणारी मुलगी दुसऱ्या विषयावर पीएचडी संपवून गेली. डेटा हार्ड डिस्कवर तसाच राहिला.

जुलै २०२१ मध्ये अल्फाफोल्डचा कोड खुला झाला. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी त्या जुन्या एन्झाइमचा क्रम त्याला दिला, आलेल्या मॉडेलमधले कमी खात्रीचे भाग कापून टाकले आणि उरलेल्या सांगाड्याने तो सहा वर्षांपूर्वीचा डेटा सोडवायला घेतला. पहिल्याच प्रयत्नात उत्तर लागलं. पडद्यावर इलेक्ट्रॉन घनतेची जाळी उमटली आणि तिच्यात एक धातूचा अणू होता. मॉडेलमध्ये तो नव्हता, कारण ती आवृत्ती फक्त अमिनो आम्लं जाणत होती. एन्झाइमचं सगळं काम त्या धातूवर चालतं. मी त्या मुलीला फोन केला. ती तेव्हा कोणत्या तरी ट्रेनमध्ये होती. दोघींनाही नीट बोलता येईना.

आमच्या हातातलं काम त्याने हिरावून घेतलं का? माझ्या अनुभवात त्याने अडलेला दरवाजा उघडून दिला, आणि दरवाज्यापलीकडचा धातू आम्हाला डेटात सापडला. मे २०२४ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती धातू, डीएनए, औषधाचे छोटे रेणू हेही मांडून दाखवते, आणि पुष्कळदा चांगलं दाखवते. पण माळेचे जे भाग मुळात सैल आहेत तिथे ती कधीकधी सुबक वळणं काढून मोकळी होते. म्हणून आता दुसरी गोष्ट.

अल्फाफोल्ड प्रत्येक मण्याला शून्य ते शंभर असा खात्रीचा गुण देतं. नव्वदच्या वर असेल तर निर्धास्त राहा, सत्तर ते नव्वद म्हणजे साधारण भरवशाचं, पन्नासच्या खाली म्हणजे तो भाग बहुधा आकारच धरत नाही. शिवाय एक चौकोनी नकाशा येतो: माळेचा हा तुकडा त्या तुकड्याच्या सापेक्ष कुठे आहे याची खात्री किती. आमच्याकडच्या एका हुशार विद्यार्थ्याने दोन मोठ्या भागांच्या प्रोटीनचं मॉडेल घेतलं. दोन्ही भागांचे गुण नव्वदच्या वर. त्या दोघांमध्ये त्याला एक छान फट दिसली, तिथे औषधाचा रेणू बसेल असं वाटलं, आणि फटीच्या दोन्ही बाजूंचे मणी बदलून बघायला त्याने चार महिने घालवले. एकाही बदलाने काही फरक पडला नाही. नंतर आम्ही तो चौकोनी नकाशा उघडला. प्रत्येक भाग आतून बरोबर होता, पण दोन भाग एकमेकांजवळ कसे बसतात याबद्दल खात्रीच नव्हती. ती फट चित्रातच होती. चूक माझीही होती, पहिल्याच आठवड्यात मी तो नकाशा मागायला हवा होता. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये नकाशा दाखवल्याशिवाय कुणीही मॉडेल दाखवत नाही.

माणसाच्या जवळजवळ सगळ्या प्रोटीनांची भाकितं २०२१ मध्येच जाहीर झाली. त्यात भरवशाचा गुण मिळालेल्या अमिनो आम्लांचं प्रमाण ५८ टक्के होतं. उरलेल्यांतला मोठा हिस्सा असा आहे की त्याला ठरावीक आकारच नाही, जोडीदार भेटला की मग तो आकार घेतो. आज जाहीर साठ्यात २० कोटींहून जास्त भाकितं आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातलं प्रत्येक चित्र एका क्षणाचं आहे. खरं प्रोटीन उघडतं, मिटतं, थरथरतं. माळ घडी कोणत्या वाटेने घालते, हा लेव्हिंथल यांचा मूळ प्रश्न, तो तर तसाच शिल्लक आहे.

तुझ्या सरांना दाखवावं असं एक उदाहरण देते, आणि ते आपल्या घरचं आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेलचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवून. या आजाराचं मूळ विलक्षण लहान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. डीएनएत बदललेलं अक्षर एकच. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिनं वेगवेगळी सरकतात हे दाखवलं. नंतर व्हर्नन इनग्रॅम यांनी प्रोटीनचे तुकडे करून, ते ओल्या कागदावर पसरवून, नेमका कोणता मणी बदलला ते पकडलं.

अल्फाफोल्डला हे दोन्ही क्रम दे. दोन्ही मॉडेल्स एकमेकांवर ठेव. जवळजवळ काहीच फरक दिसणार नाही. आणि गंमत अशी की हे उत्तर चुकीचं म्हणता येत नाही! एकट्या रेणूची घडी खरोखर बदललेली नसते. बिघाड शेजारात आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित सरकतो आणि पृष्ठभागावर एक तेलकट खळगा उघडा पडतो. निरोगी माणसात त्या खळग्याला चिकटायला कुणी नसतं. सिकलच्या रेणूत सहाव्या जागचं व्हॅलिन तेलकट असतं, ते शेजारच्या रेणूच्या खळग्यात जाऊन बसतं. त्याच्या शेजारी आणखी एक, मग आणखी एक. पाहता पाहता चौदा धाग्यांचे पीळदार दोर तयार होतात, आणि लवचीक तांबडी पेशी ताठरून विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की त्या मुलाच्या हाडांत, छातीत, पोटात जी कळ उठते ती मी एकदा वॉर्डात उभं राहून पाहिली आहे.

अल्फाफोल्ड हजारो प्रजातींचा तक्ता वाचतं. हजार ओळींत एका ओळीतलं एक अक्षर बदललं तर त्याला ते कुजबुजल्याइतकंही ऐकू येत नाही. म्हणूनच एका मण्याच्या बदलाने काय होईल हे सांगण्यासाठी ते बनवलेलंच नाही, आणि त्याच्या कर्त्यांनीही तसा दावा केलेला नाही. पण पुष्कळ आनुवंशिक आजार नेमके अशाच एखाद-दुसऱ्या अक्षराचे असतात. घनता किती, ऑक्सिजन किती, शेजारी कोण, पेशीला त्या वाहिनीतून जायला किती वेळ लागतो, यावर रोग ठरतो. हे गणितात बसवणं अजून बाकी आहे, आणि त्यासाठी तुझ्यासारखी, संभाव्यता आणि सिम्युलेशन कळणारी मुलं हवी आहेत.

उपचाराची कथाही बघ. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीवर आधारलेल्या कॅसजेवी या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. तो ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढून त्यांच्यातला एक खटका बंद करतो, म्हणजे गर्भात असताना चालू असलेलं दुसरं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. ही कल्पना आली कुठून? सिकलसेल असलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, हे १९४० च्या दशकात डॉक्टरांच्या नजरेला आलं होतं तिथून. कुणीतरी बाळांकडे नीट बघितलं म्हणून. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. धडगावच्या किंवा एटापल्लीच्या घराला हा आकडा ऐकवतासुद्धा येत नाही. तो उपचार स्वस्त कसा करायचा, हा माझ्या दृष्टीने आजच्या इंजिनिअरिंगचा मोठ्यात मोठा प्रश्न आहे. पेशी बाहेर काढाव्या लागू नयेत, केमोथेरपी लागू नये, कात्री थेट मज्जेपर्यंत पोचावी, यावर जगभर काम चालू आहे.

दुसरी दिशा म्हणजे निसर्गात नसलेली प्रोटीनं नव्याने रचणं. तू लिहिलंस की नोबेल अल्फाफोल्डला मिळालं. निम्मं मिळालं, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना. निम्मं डेव्हिड बेकर यांना, अशी नवी प्रोटीनं रचण्याच्या कामासाठी. तिथे प्रश्न उलटा असतो: मला हा आकार हवा आहे, त्याला कोणता क्रम लागेल? २०२३ मध्ये त्यांच्या गटाने आरएफडिफ्यूजन जाहीर केलं. चित्र काढणारी मॉडेल्स गोंगाटातून हळूहळू चित्र साफ करत आणतात, तसंच हे प्रोटीनच्या सांगाड्याचं करतं.

त्याचं एक फळ शेतकऱ्याच्या घरी समजेल असं आहे. सापाच्या विषावरचं औषध आपण आजही शंभर वर्षांहून जुन्या पद्धतीने बनवतो: घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं काढायची. त्या औषधाने लाखो जीव वाचवले आहेत, पण घोड्याच्या प्रोटीनांची रिअ‍ॅक्शन येते आणि काही लहान विषद्रव्यांवर प्रतिद्रव्यं नीट तयारच होत नाहीत. नागाच्या विषात तीन बोटांच्या आकाराची छोटी विषद्रव्यं असतात. त्यातली काही मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाऊन बसतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. जानेवारी २०२५ मध्ये बेकर यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बोटांवर घट्ट बसणारी छोटी प्रोटीनं संगणकावर रचून, प्रत्यक्ष बनवून दाखवली. उष्णता सोसणारी, जिवाणूंत वाढवता येणारी. प्राणघातक मात्रा दिलेले उंदीर त्यांनी वाचवले. आणि रचल्याप्रमाणेच ती विषावर बसली आहेत का, हे कशाने तपासलं? स्फटिक वाढवून, क्ष-किरणांनी.

आपल्याकडे लावायला गेलं तर लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य. मण्यारीच्या विषात तीन बोटांचा गट असतो, पण त्याच्या जोडीला दुसऱ्या कुळातलं तितकंच घातक विष असतं. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त आणि ऊतकांवर घाला घालणाऱ्या एन्झाइमांचं असतं. तिथे ही नवी प्रोटीनं कामाची नाहीत, वेगळी रचावी लागतील. त्यात एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. कोकणातल्या फुरशाचं विष हातात नसेल तर संगणकाला काय सांगणार की कशावर बसायचं आहे? भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं जातात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. यातली बहुतेक खेड्यातली. हा विषय कुणी हाती घेतला तर मी माझी प्रयोगशाळा त्याच्यासाठी उघडी ठेवीन.

आता तुझं काय. घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता. हिंजवडीतली तुझी मैत्रीण काही वर्षांत याच्या दुप्पट-तिप्पट मिळवेल, आणि पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. घरात पैशाची निकड असेल तर आधी नोकरी कर. दोन वर्षांनी आलीस तरी दार बंद नसतं. माझ्याकडची सगळ्यात चांगली प्रोग्रामर तीन वर्षं बँकेचं सॉफ्टवेअर लिहून आली होती.

बायोलॉजी सुटल्याची भीती बाळगू नकोस. प्राण्यांची वर्गवारी किंवा फुलांचे भाग इथे लागत नाहीत. लागतं ते रसायनशास्त्र: हायड्रोजन बंध, प्रभार, पाण्यापासून पळणारे आणि पाण्याकडे ओढले जाणारे अणुगट, वीस अमिनो आम्लांची नावं आणि स्वभाव. हे सहा महिन्यांत संध्याकाळी बसून होतं. संख्याशास्त्र मात्र मनापासून कर. मला येणाऱ्या अर्जांत न्यूरल नेटवर्क सगळ्यांनाच येतं. पण एकाच कुळातली प्रोटीनं शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही ढिगांत गेली तर मॉडेल खोटं हुशार वाटतं, हे ओळखणारे फार थोडे असतात. ते ओळखणारी मुलगी दिसली की मी लगेच मुलाखतीला बोलावते.

आणि एक उन्हाळा तरी हात ओले कर. पुण्यात त्यासाठी वणवण करावी लागत नाही. पाषाण रस्त्यावर एनसीएल, तिथून जवळच आयसर, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आणि बायोइन्फर्मेटिक्सचा विभाग. सगळं एका बसच्या अंतरात. संकेतस्थळावर प्राध्यापकांचे विषय वाच, दोघा-तिघांचा एकेक पेपर खरोखर वाच आणि त्यातल्या तुला न कळलेल्या गोष्टीबद्दल चार ओळींचा ईमेल कर. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नकोस, तो उघडताच कळतो. प्रोटीन शुद्ध करताना कॉलममधून रंगहीन पाणी थेंब थेंब पडत असतं आणि कोणत्या नळीत आपलं प्रोटीन आहे हे जेल चालवल्याशिवाय कळत नाही. तो एक दिवस काढलास की डेटाच्या फाइलमधल्या प्रत्येक आकड्यामागे किती जणांची मनगटं दुखली आहेत ते समजेल, आणि कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं तेही.

या शनिवारी सुरू करायचं असेल तर हे कर. युनिप्रॉटवरून माणसाच्या बीटा हिमोग्लोबिनचा क्रम घे, क्रमांक पी६८८७१. अल्फाफोल्ड चालवून देणारं कोलॅबफोल्ड ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात आधी हा क्रम तसाच चालव, मग सिकलचा बदल करून चालव. एक सावधगिरी: पेपरांमध्ये 'सहावी जागा' म्हणतात, पण फाइलमध्ये सुरुवातीला मेथिओनिन असतं आणि पेशी ते नंतर काढून टाकते, त्यामुळे फाइलमध्ये ती सातवी आहे. माझे अर्धे विद्यार्थी पहिल्यांदा इथेच चुकतात आणि शेजारचं अक्षर बदलून बसतात. दोन्ही मॉडेल्स काइमेराएक्स या रचना बघायच्या प्रोग्राममध्ये एकमेकांवर ठेव आणि काही फरक दिसत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग प्रोटीन डेटा बँकेतून २एचबीएस ही प्रयोगाने काढलेली सिकल हिमोग्लोबिनची रचना उतरवून घे. ती १९९७ ची आहे. स्फटिकातले शेजारचे रेणूही पडद्यावर आण, सहाव्या जागचं व्हॅलिन लाल कर आणि ते शेजाऱ्याच्या खळग्यात जिथे रुतलं आहे तिथे झूम कर. खळग्याच्या भिंती बीटा साखळीतल्या ८५ आणि ८८ या जागांच्या आहेत. तिथे कोणती दोन अमिनो आम्लं आहेत आणि व्हॅलिनला ती का आवडतात, ते मला लिहून पाठव.